उजव्या कानावरचं झाकण

"डॅड, अख्ख्या गावाच्या बंदुका तू गप्प करतोस, मग आपल्या घरचा टीव्ही रस्त्यापर्यंत कसा ऐकू येतो?"

डॅडला हे ऐकूही येणार नाही, अशी ब्रिन आणि शेल्बी या मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून रोएनाने त्याच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाच्या दारातूनच विचारून टाकलं. त्या दोघी बाहेर गाडीत तोंड दाबून बसल्या होत्या.

ऑर्विलने कामावरून मान वर न करता सांगितलं, "फ्रिजमध्ये चिकन आहे."

समोर उभा असलेला मेंढपाळ क्लाइड खोकला येईस्तोवर हसला. रोएनाही हसली, पण हसणं मध्येच अडकलं. डॅडने थट्टा केली, की त्याला ऐकूच आलं नाही?

क्लाइडची तक्रार जुनीच होती. मेंढ्या विताना बिथरू नयेत म्हणून त्याने रायफलीला सायलेन्सर बसवला, आणि तेव्हापासून तिच्या अंगात आलं होतं. धूर डोळ्यांत फेकायची, तिसऱ्या बाराला अडकून बसायची. काल कोल्ह्याने त्याच्या डोळ्यांदेखत कोकरू उचललं होतं.

रोएनाला हे गणित काही केल्या सुटत नव्हतं. तोंडात बोळा कोंबल्यावर कुणी मंदावेल, ही रायफल पळत कशी सुटली? ऑर्विलने तिला सकाळीच समजावलं होतं. एरवी तोंडातून निघून जाणारा बाराचा वायू सायलेन्सरमुळे कोंडला जातो, नळीच्या बारीक भोकातून जास्त जोराने मागे येतो आणि बोल्टला, म्हणजे रिकामी पुंगळी फेकून नवं काडतूस आत सारणाऱ्या दांड्याला, ढकलतो. मग थांब्यावर न थांबता निघून जाणाऱ्या बससारखा बोल्ट पुढे सटकतो, नवं काडतूस वर यायच्या आत. त्याने वायू कमी-जास्त करणारा स्क्रू आवळून ठेवला होता. आता फक्त चाचणी उरली होती.

मागच्या मातीच्या बांधापाशी त्याने नेहमीसारखं उजव्या कानावरचं, आवाज अडवणारं झाकण वर सरकवलं. बोल्टची चाल कानानेच कळते, हे त्याच्या उस्तादाने शिकवलं होतं आणि आयुष्यभर त्याने ते पाळलं होतं. दोन बार काढून तो म्हणाला, "लोण्यासारखी चाललीय. घेऊन जा."

रोएनाने मात्र पुंगळ्या पाहिल्या. त्या उजवीकडे, जरा मागे पडायला हव्यात, हे लहानपणी वेचायला लावून त्यानेच शिकवलं होतं. या तर रायफलीच्याही पुढे जाऊन पडल्या होत्या, म्हणजे बोल्ट अजूनही पळतच होता. मग डॅडने ऐकलं तरी काय?

क्लाइड रायफल पेटीत ठेवू लागला. बोलावं, तर गिऱ्हाइकासमोर बापाचा शब्द पडतो. गप्प बसावं, तर आज आणखी एक कोकरू जातं. रोएनाच्या डोक्यात नुसता गोंधळ उडाला.

"डॅड," ती त्याच्यासमोर जाऊन म्हणाली, "मला मारू दे ना थोडे."

तिसऱ्या बाराला रायफल अडकली. तिने ती त्याच्यापुढे धरली. ऑर्विलने जमिनीवरच्या पुंगळ्यांकडे पाहिलं, मग लेकीकडे. खिशातून किल्ली काढून तो स्क्रू फिरवत राहिला आणि ती बार काढत राहिली, पुंगळ्या जागेवर पडेपर्यंत.

"पोरीच्या हाताला घाबरली होती वाटतं," क्लाइड म्हणाला. त्याला कळलं होतं की नव्हतं, हेही रोएनाला कळेना. मैत्रिणींनी गाडीत विचारलं, तेव्हा पैज आपण हरलो, एवढंच तिने सांगितलं.

जेवताना तिने डॅडच्या कानाचा विषय काढला. आईचा चमचा हवेतच थांबला. ऑर्विल बशीकडे बघत मक्याच्या पावाला लोणी लावत राहिला. मग एकाएकी उठला, बशी उचलली, टेबलाला वळसा घालून रोएनाच्या उजव्या बाजूच्या खुर्चीत, डावा कान तिच्याकडे येईल असा बसला.

"आता बोल," तो म्हणाला.

आवाज न चढवता रोएनाने पुन्हा सांगितलं, "सोमवारपासून शाळा सुटली की मी दुकानात येणार. चाचणीला बार मी काढणार, आणि दोघांचेही दोन्ही कान झाकलेले असणार."