बयनाबाईचा कागद

"उतरा ना जी, अमृतराव. सामान द्या इकडं."

फकिरा खिडकीचा गज धरून उभा होता. आसिफाबाद रोड ठेसनावर गाडी आली की वांकिडीकडे जाणारे लोक त्याच्याच दमणीत बसायचे. पाच दिवसांपूर्वी त्यानंच अमृतरावांना इथं आणून सोडलं होतं. दमणी बाहेर कडुनिंबाखाली उभी होती. बैलांच्या घुंगरांचा आवाज येत होता.

"मी नाही उतरत, फकिरा. नागपूरले चाललो."

"हैदराबादेहून आले अन् घरावरून तसेच नागपूरले? कायचं काम हाय तिकडं?"

"काम नाही. पाहाले चाललो."

फकिरानं मागंपुढं पाहिलं आणि आवाज खाली आणला. "बाईचा चौदावा होऊन आठ रोज नाही झाले, मालक. लोक काय म्हणून राह्यले, मालूम हाय? बायको मेली अन् नकलनवीस हवा खाले निघाला, म्हणतात. तुमचा साळा त माह्यावरच चढला, तू काऊन नेलं म्हणून."

"म्हणू दे."

"मी जेवलो जी बयनाबाईच्या हातचं. मले आयकू नाही वाटत."

शिट्टी झाली. फकिरा गाडीबरोबर चार पावलं चालला आणि फलाटाच्या टोकाशी थांबला. मग त्यानं पाठ फिरवली.

अमृतरावांनी कोटाच्या आतल्या खिशातून कागद काढला. चौथी ओळ अशी होती : 'आसिफाबाद रोड. फकिरा बोलावील. उतरायचे नाही. खिडकीतून हात हलवायचा आणि हसायचे.'

उतरायचं नव्हतं, ते उतरले नव्हते. हात हलवायचा त्यांना आठवला तेव्हा फलाट मागं गेला होता. हसणं तर राहूनच गेलं.

अमृतराव सव्वीस वर्षं आसिफाबादच्या तहसिलीत नकलनवीस होते. कुणाला फैसल्याची, कुणाला सातबाऱ्यासारख्या कागदाची नक्कल लागायची. अस्सल कागद डाव्या हाताला ठेवायचा आणि उजव्या हातानं उतरून काढायचा. अस्सलात चूक असली तर नकलेत चूक तशीच ठेवायची. अस्सलात जागा कोरी असली तर तेवढीच कोरी सोडायची. आपलं डोकं घालायचं नाही. शेवटी लिहायचं, 'नकल मुताबिक अस्सल', म्हणजे नक्कल मूळ कागदाबरहुकूम आहे, आणि खाली सही करायची. एवढंच काम.

तहसिलीला सुटी शुक्रवारची. गुरुवारी संध्याकाळी ते वांकिडीला घरी यायचे आणि शनिवारी पहाटे परत जायचे. संसार झाला तो शुक्रवारांवर. मूल झालं नाही. बयनाबाई एकटी घर सांभाळायची. भीमपूरचं माहेर आणि वांकिडीचं सासर, यापलीकडे तिनं काही पाहिलं नव्हतं.

रेल्वे आसिफाबादच्या पुढं गेली तेव्हा एका शुक्रवारी ती म्हणाली, "एका टोकाले निजामाची राजधानी, दुसऱ्या टोकाले इंग्रजाच्या मुलखाची. आपण मधात. दोनी पाहून घेऊ ना जी. कोणाले सोबत घ्याचं नाही, कोणाच्या घरी उतराचं नाही. आपले आपण."

"मधात वर्धा हाय. पूल नाही झाला अजून."

"त नावेत बसू. मले नावेतही बसाचंच हाय."

मग स्टेशनमास्तरकडून त्यांनी गाड्यांच्या वेळा उतरून आणल्या. शुक्रवारी दुपारी जेवणं झाली की ती सांगायची आणि ते लिहायचे. फकिराची ओळ सांगताना तिला एवढं हसू आलं की पदर तोंडात कोंबावा लागला. "आपलंच गाव अन् आपण पाव्हण्यासारखे पाहू. फकिराचं तोंड कसं होईन!"

वर्धेची ओळ तिनं अशी सांगितली : 'नावेत बसल्यावर मधल्या धारेत नदीची ओटी भरायची.' खण, नारळ, तांदूळ, हळद-कुंकू, आणि चारमिनारपाशी मिळतात त्या लाखेच्या बांगड्या. हिरवा खण तिनं तेव्हाच घेऊन पेटीत ठेवला होता.

"अन् नागपुरात काय पाहाचं? सांग, लिहितो."

"ते नका लिहू."

"काऊन?"

"माही मावशी राहे तिथं. तिनं मले लहानपणी एक सांगतलं होतं. ते मी तिथं गेल्यावरच सांगीन. तवरिक जागा सोडून ठेवा."

त्यांनी पाव कागद सोडला.

रुखसतीचा, म्हणजे रजेचा, अर्ज दोन वर्षं नामंजूर झाला. तिसऱ्या वर्षी भादव्यात बयनाबाईला ताप आला. बुधवारी निरोप निघाला, गुरुवारी संध्याकाळी अमृतराव नेहमीसारखे घरी आले. शुक्रवारी ती गेली. तेवढं तिनं त्यांना सांभाळून घेतलं. रुखसत मंजूर झाल्याचा हुकूम आला तो तिच्या दहाव्याला. तारखा ठरलेल्या होत्या. त्यांनी पेटी उघडली तर वर खण होता आणि खणाखाली कागद.

हैदराबादेत ते कागदाप्रमाणं फिरले. बांगड्यांच्या दुकानात मात्र अडले. दुकानदारानं विचारलं, "बेगम साहिबा का हाथ किस नाप का है?" अमृतरावांनी अंगठा आणि बोटं जुळवून दाखवली. मग ती थोडी मोठी केली, मग पुन्हा लहान. सव्वीस वर्षांत त्यांनी ते माप कधी घेतलं नव्हतं. दुकानदारानं तीन मापांच्या बांगड्या पुढं मांडल्या. त्यांनी मधलं माप उचललं.

वर्धेच्या अलीकडच्या शेवटच्या ठेसनावर गाडीतले सगळे उतरले आणि काठाकडे चालू लागले. नदीत पुलाचे दगडी खांब उभे होते, वर काही नव्हतं. घाटावर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, शिपायानं गाठोडं दाबून पाहिलं. "यात काय?"

"ओटी हाय."

शिपायानं नावेकडे पाहिलं. "अन् बाई?"

अमृतरावांनी गाठोडं उचलून घेतलं.

नाव बाबाराव ढीवराची. नावेत आठदहा माणसं होती. त्यात देवकाबाई नावाची एक म्हातारी आणि तिची सून. बाबाराव बांबूनं नाव रेटता रेटता बोलत होता. "बसून घ्या, बसून घ्या. पूल झाला का तुमी वरून जासान, आमी खालून टकमक पाहू."

"तुले काय, तू मासोळ्या धरशीन," कुणीतरी म्हणालं.

"मासोळ्यांले तिकीट कोण मागन?" बाबाराव म्हणाला, आणि सगळे हसले.

धार जवळ येऊ लागली. ओटी सवाष्णीनं भरायची असते, पुरुषाचं ते काम नाही. अमृतराव सरकत म्हातारीजवळ गेले. "बाई, एक विनंती हाय. माह्या घरच्या बाईनं वर्धेची ओटी बोलली होती. ते आता नाही. तुमच्या सूनबाईच्या हातानं…"

"नाही कशी? कुठं गेली?"

"वारली. तीन हप्ते झाले."

देवकाबाईनं सुनेचा हात आधी आपल्याकडे ओढला आणि मग बोलली. "माह्या सुनेले सातवा चालू हाय, दादा. मेल्या बाईच्या सामानाले हात नाही लावू देत मी. मनाले लावून घेऊ नका."

"नाही. बरोबर हाय तुमचं."

सून गाठोड्याकडे पाहत होती. तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या अमृतरावांना दिसल्या. बयनाबाईचा हात साधारण एवढाच होता, असं त्यांना वाटलं. खात्री नव्हती.

"धार आली," बाबाराव म्हणाला. "काय कराचं ते लवकर करा. नाव ठहरत नाही इथं."

अमृतरावांनी डोक्यावरची पगडी काढून मांडीवर ठेवली आणि गाठोडं सोडलं. आधी काय ठेवायचं, त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी नारळ हातात घेतला.

"आधी हळद-कुंकू," सून हळूच म्हणाली.

"गप," सासू म्हणाली. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "मंग खण. खणावर नारळ. उलटं नका करू."

त्यांनी पाण्यावर हळद-कुंकू सोडलं. मग खण ठेवला. त्यावर नारळ ठेवताच भारानं खण आधी बुडाला आणि नारळ सुटून वेगळाच वाहत गेला. बांगड्या लगेच तळाला गेल्या. शेवटी त्यांनी ओंजळीनं तांदूळ सोडले.

"चार दाणे परत घ्याचे असतात," देवकाबाई म्हणाली. "भरणारीनं."

ओल्या तळव्याला काही दाणे चिकटलेले होते. अमृतरावांनी मूठ मिटली. पलीकडच्या काठावर उतरेपर्यंत त्यांनी ती उघडली नाही. मग दाणे कागदाच्या घडीत ठेवले.

बल्लारशाहून एक गाडी, वर्ध्याला दुसरी. सकाळी ते नागपूरच्या ठेसनाबाहेर आले तेव्हा टांगेवाल्यांनी त्यांना घेरलं.

"कहाँ चलना है, बाबूजी? सीताबर्डी? महाल?"

अमृतरावांनी कागद उघडला. पाव कागद कोरा होता. त्यावर तांदळाचे चार दाणे वाळून चिकटले होते.

"कहीं नहीं," ते म्हणाले.

"इतनी दूर आए, शहर नहीं देखेंगे?"

"इसमें लिखा नहीं है."

टांगेवाल्यानं आपल्या सोबत्याकडे पाहिलं आणि तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे गेला.

अमृतराव आत येऊन फलाटावरच्या बाकावर बसले. परतीची गाडी संध्याकाळी होती. बाहेर शहराचा आवाज चालू होता. मावशीनं काय सांगितलं असेल याचा त्यांनी अंदाज केला नाही.

दुपारी त्यांनी खिशातली पेन्सिल काढली, कागद गुडघ्यावर सपाट केला आणि कोरी जागा तशीच सोडून अगदी खालच्या कडेला लिहिलं : 'दोन ठिकाणी फरक. हात हलवणे व हसणे राहिले. ओटी बाईच्या हातून भरली गेली नाही. बाकी नकल मुताबिक अस्सल.'

त्याखाली त्यांनी सही केली. सव्वीस वर्षांच्या सवयीनं तारीखही घातली. मग अस्सल कागद ज्याचा त्याला परत द्यायचा असतो म्हणून त्यांनी नीट घडी केली, आणि ती हातात धरून गाडी येईपर्यंत तसेच बसून राहिले.