राउटरचे शुद्धिपत्र

मी राउटर. उभं आयुष्य दुसऱ्यांचं बोलणं इकडून तिकडे पोचवण्यात गेलं, त्यामुळे स्वतःचं काही सांगायची सवय नाही. जीभ अडखळली तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यातला. एका खोक्यात आम्ही वीस भावंडं होतो, दिसायला हुबेहूब, पाठीवर फक्त नंबर वेगळे. कोणी दवाखान्यात गेलं, कोणी शाळेत. मी आलो दोन माणसांच्या घरात, आणि मला जागा मिळाली बंद पडलेल्या शिलाई मशीनवर. पोटाला एक वायर, पाठीला दोन शिंगं, कपाळावर चार हिरवे दिवे. माझं काम हमालाचं. बाहेरून येणारी पाकिटं कॉम्प्युटरला द्यायची, त्याची बाहेर न्यायची. पाकिटात काय आहे ते मी बघत नाही. बहुतेक पाकिटं मोहोरबंदच असतात.

मालक निवृत्त कारकून. एका मोठ्या कचेरीत चौतीस वर्षं आवक टपालाच्या टेबलावर. आलेल्या प्रत्येक कागदावर तारखेचा शिक्का मारायचा आणि वहीत नोंद करायची. कचेरी सुटली तरी सवयी सुटल्या नाहीत. कॉम्प्युटरचं काम संपलं की ते भिंतीवरचं बटण खटकन बंद करत, 'कचेरी बंद' म्हणत. त्याच बटणावर मीही असल्यामुळे मला दिवसातून तीनदा मरण आणि तीनदा पुनर्जन्म. सात जन्मांचे फेरे लोक मोठ्या तोंडाने सांगतात. माझे अडीच दिवसांत होत.

शिवाय कॉम्प्युटरने आपलं घड्याळ आपणच बाहेरून लावून घ्यावं, ही सोय त्यांनी पहिल्याच आठवड्यात बंद करून टाकली. "घरातली घड्याळं घरचा माणूस लावतो," म्हणाले.

बाई, म्हणजे मालकांच्या पत्नी, प्रूफं तपासायच्या. चाळीस वर्षं एकाच छापखान्याचं काम. कॉम्प्युटर त्यांनी हट्टाने मराठीत करून घेतला होता, आणि त्याच्या सूचनांमधल्या शुद्धलेखनाच्या चुकांची यादीही करून ठेवली होती. ती कोणाला पाठवायची, हे मात्र त्यांना कोणी सांगू शकलं नव्हतं.

मागच्या वर्षी त्यांच्या नजरेच्या मधोमध एक धूसर डाग आला. कडेचं दिसायचं, समोरचं अक्षर मात्र पुसट. डोळ्यांच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, गेलं ते परत येणार नाही. तेव्हापासून मालक प्रूफं मोठ्याने वाचत आणि बाई ऐकत. चार महिने सुरळीत गेले. मग छापखान्याच्या मॅनेजरांनी एक छापलेलं पुस्तक आणून टेबलावर ठेवलं. पहिल्याच पानावर 'जेवनानंतर'.

"तुम्ही मला 'जेवणानंतर' वाचून दाखवलंत," बाई म्हणाल्या.

"अगं, तसंच असतं ना ते!"

"असतं तसं नका वाचू हो. छापलंय तसं वाचा. तुम्ही चूक वाचतच नाही, दुरुस्त करून वाचता."

"चौतीस वर्षं साहेबांची पत्रं अशीच वाचली. शाबासक्या मिळाल्या त्याच्यावर."

"मला साहेब नका समजू."

मॅनेजर भला माणूस. चहा घेतला, इकडचं तिकडचं बोलले, आणि जाताना दारात म्हणाले, "बाई, आता विश्रांती घ्या." विश्रांती हा शब्द कानावर पडताच बाईंचा चेहरा असा झाला की मॅनेजरांनी पेनड्राइव्ह आणि लेखकाचे मूळ कागद काढून ठेवले. घरी रुग्णाची काळजी घेणाऱ्या बायकांसाठी औषधांच्या मात्रांची पुस्तिका त्यात होती. गुरुवारी दुपारपर्यंत निर्दोष हवी. नाही झाली, तर हे काम शेवटचं.

बाईंच्या धाकट्या भावाने तोड काढली. हे गृहस्थ पंखे दुरुस्त करत, आणि पंखाही फिरतो, कॉम्प्युटरही फिरतो, तेव्हा शास्त्र एकच, अशी त्यांची श्रद्धा. पण या वेळी त्यांनी आणलेली माहिती खरी होती. लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर फुकट मिळतं. दोन पॅकेजं उतरवायची. पहिलं वाचणारं, दुसरं मराठी आवाजाचं.

"चूक असेल तर चुकीचंच वाचेल?" बाईंनी विचारलं.

"ताई, त्याला अक्कलच नाही. आहे ते वाचणार."

"मग मला तेच हवंय."

मालकांनी उठून बटण खटकन बंद केलं.

सोमवारी सकाळी भाऊंनी पॅकेज मागवलं. मी पळत गेलो, निरोप दिला, उत्तराचं पाकीट आणून कॉम्प्युटरच्या हाती ठेवलं. त्याने ते वरवर पाहिलं आणि परत केलं. पुन्हा मागवलं, पुन्हा परत. पडद्यावर एक चौकट आली. भाऊंनी ती न वाचताच 'ठीक आहे' दाबलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"भाऊजी, हा गेला."

वास्तविक माझे चारही दिवे हिरवेगार होते. पण गेल्या दोन रविवारी परगावी असलेल्या लेकीचा व्हिडिओ कॉल लागला नव्हता, तेव्हापासूनच माझ्यावर संशय होता. घरात फोन साधा, बटणांचा. माझ्या बाजूने साक्ष द्यायला दुसरं यंत्र नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, त्यातला संन्यासी मी.

पुढचे दोन दिवस माझ्यावर उपचार झाले. मला शिलाई मशीनवरून खिडकीत नेलं, खिडकीतून कपाटावर. शिंगं एकदा नमस्काराची केली, एकदा बैलाची. वायर बदलली. मग भाऊंनी टाचणी घेऊन माझ्या पाठीतल्या भोकात खुपसली आणि तीस आकडे मोजले. माणसाच्या डोक्यात सोटा घालून नाव विसरायला लावावं, तसा तो प्रकार. मी सगळं विसरलो. अर्ध्या तासाने कंपनीने लांबूनच माझी ओळख मला परत करून दिली. फोनवरची मुलगी म्हणाली, "सर, आमच्याकडून लाइन व्यवस्थित दिसतेय. एकदा बंद करून चालू करून बघता का?"

"अहो, या घरात ते दिवसातून तीनदा होतं," मालक म्हणाले आणि त्यांनी अर्ज लिहायला घेतला. 'विषय: कामचुकार राउटर बदलून मिळणेबाबत.' भाऊ जाऊन तो कंपनीच्या कचेरीत देऊन आले. पोचही आणली.

बुधवारी भाऊंना पंख्यांची कामं होती. घरात दोघंच. मालकांनी नेहमीप्रमाणे बटण लावलं, कॉम्प्युटर सुरू केला आणि मनगटावरच्या घड्याळात बघून त्याचं घड्याळ लावलं. पंधरा दिवस हे रोज चाललं होतं, कारण ते रोज चुकलेलं असे. "म्हातारा झालाय," ते कॉम्प्युटरबद्दल म्हणत. तास, मिनिटं लावली की झालं. तारीख त्या कोपऱ्यात दिसत नसे, आणि तारखेसाठी भिंतीवर कॅलेंडर होतंच.

पॅकेज मागवलं. मी गेलो, आलो. परत.

"काय म्हणतंय?" बाईंनी विचारलं.

"नेट नाही म्हणतंय."

"असं लिहिलंय?"

"अर्थ तोच गं."

बाई उठल्या, चाचपडत त्यांच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. "उद्या दुपारी माझं काम जाणार आहे. माझ्यासाठी एकदाच, एकच चौकट, अक्षर न् अक्षर वाचा. अर्थ मी लावते."

मालकांनी चष्मा पुसला. आणि या घरात मी आल्यापासून पहिल्यांदाच त्यांनी समोर होतं ते वाचलं.

"'सुरक्षीत जोडणी करता आली नाही...' 'सुरक्षित'मध्ये क्ष दीर्घ आहे."

"शाबास. पुढे."

"'सर्व्हरचे प्रमाणपत्र अद्याप वैध नाही. वैध: तीन मार्चपासून.'"

"आज काय आहे?"

"बावीस एप्रिल."

"मग 'अद्याप' कसं? तीन मार्च होऊन गेला की."

मालकांनी चौकटीवर बोट ठेवलं. मी त्यांना कित्येक दिवस पाहत होतो, पण तो चेहरा पाहिला नव्हता. तो आवक टेबलावरचा असावा.

"पुढच्या तारखेचं पत्र आवक करत नाहीत," ते हळूच म्हणाले. "परत करतात. अगं, कागदात खोट नाहीच. ज्याने परत केलं, त्याचा शिक्का बघायला हवा."

त्यांनी घड्याळावर टिचकी मारली. चौकट उघडली. तास बरोबर, मिनिटं बरोबर. आणि खाली, रोज न वाचताच ओलांडलेली तारीख: एक जानेवारी, सोळा वर्षांपूर्वीची.

सगळा उलगडा त्यात होता. कॉम्प्युटरच्या पोटात नाण्याएवढी एक बॅटरी असते. बाकीची वीज बंद असताना तेवढी एक दिवसांची गणती ठेवते. भिंतीवरचं बटण बंद झालं की सगळा भार तिच्यावर. रोज तीनदा 'कचेरी बंद' ऐकून ती बिचारी झिजून मेली होती, आणि कॉम्प्युटर दर सकाळी सोळा वर्षं मागे उठत होता. त्याच्या दृष्टीने मी आणलेली पाकिटं अजून जन्मालाच यायची होती.

"तारखेचा शिक्का फिरवायचा राहिला," मालक म्हणाले. "चौतीस वर्षांत एकदाच राहिला होता माझा. सबंध दिवसाचं टपाल कालच्या तारखेत गेलं. साहेबांनी सगळ्यांसमोर... तुला सांगितलं नव्हतं."

"आज सांगितलंत ना. आता फिरवा."

त्यांनी तारीख फिरवली. मी निघालो. या वेळी पाकीट परत आलं नाही. एकामागून एक घेतली गेली. पहिलं पॅकेज उतरलं. दुसरं मोठं होतं, त्याला पाऊण तास लागला, आणि तेवढा वेळ मालक भिंतीवरच्या बटणापुढे हात पसरून उभे होते, स्वतःच चुकून बंद करू नये म्हणून.

मग खोलीत एक आवाज आला. सपाट, कोरडा, ना बाईचा ना बुवाचा. "रुग्णास जेवनानंतर शून्य पाच मिलिग्रॅम स्वल्पविराम..."

"थांबवा!" बाई ओरडल्या. "जेवनानंतर! म्हणाला तो, जेवनानंतर! आणि नुसतं शून्य पाच कसं? मध्ये दशांश असणार. लेखकाचा मूळ कागद बघा."

मालकांनी मूळ कागद पाहिला. शून्य दशांश पाचच होतं. प्रूफात टिंब गळलं होतं.

गुरुवारी साडेअकराला पेनड्राइव्ह गेला. मॅनेजरांनी फोनवर त्या टिंबाबद्दल दोनदा विचारलं, मग म्हणाले, "पुढचं पुस्तक सोमवारी पाठवतो." विश्रांतीचा विषय निघाला नाही.

शुक्रवारी कंपनीचा माणूस नवा राउटर घेऊन दारात.

"आता नको," मालक म्हणाले. "आमचाच घोटाळा होता. तो अर्ज रद्द समजा."

"काका, अर्ज नोंदला की खोकं बदलावंच लागतं. सिस्टिमच तशी आहे. जुनं तुम्हीच ठेवा, आम्हाला नको."

मालकांनी नवं खोकं आत घेतलं. हेच वाक्य ते चौतीस वर्षं लोकांना ऐकवत आले होते.

मला काढलं. दिवे विझले, आणि या वेळी पुनर्जन्म नव्हता. संध्याकाळी बाईंनी अर्जाची प्रत शोधायला लावली आणि तिच्यावर शुद्धिपत्र सांगितलं. मालकांनी न बदलता, जसंच्या तसं लिहून घेतलं. एक प्रत कंपनीला गेली. दुसरी माझ्या पोटावर डकवली आहे:

'ओळ पहिली: कामचुकार राउटर ऐवजी कामसू राउटर असे वाचावे. ओळ चौथी: राउटरच्या दोषामुळे ऐवजी खाली सही करणाऱ्याच्या सवयीमुळे असे वाचावे.'

खाली सही आणि तारखेचा शिक्का. तारीख बरोबर आहे.

आता मी शिलाई मशीनच्या खणात असतो, बॉबिन आणि जुन्या चष्म्यांच्या शेजारी. कॉम्प्युटरला नवी बॅटरी मिळाली. भिंतीवरच्या बटणावर मालकांनी चिकटपट्टी लावली आहे, तिच्यावर लिहिलंय 'कचेरी चालू'. नव्याला एवढं सुख पहिल्या दिवसापासून मिळालं. माझी तक्रार नाही, थकवा आहे. माझं मागणं एवढंच, की चौकट आली तर ती वाचा. अर्थ नंतर लावा. आणि टाचणी उचलण्याआधी एकदा तारीख बघा.

वरून तो सपाट आवाज ऐकू येतोय. बाईंचं सोमवारचं पुस्तक सुरू आहे. आवाज म्हणतोय, पूर्णविराम. बाई म्हणताहेत, "थांबवा, इथे स्वल्पविराम हवा."