बाजारातला खरा पेला

मी बाजाराचा मापाचा पेला बोलतोय. ओतीव काशाचा, पोटावर शहराचा डॉल्फिनचा शिक्का. आमच्या बेटावर हरभरा, मसूर, सातू काहीही मोजायचं झालं तर शेवटचा शब्द माझा. थोडा गर्व आहे मला, लपवत नाही.

धक्क्यावरच्या एका तांबटाने मला ओतलं आणि त्याच दिवशी बाजारातल्या संगमरवरी ओट्याला साखळीने बांधलं. माझा मालक दरवर्षी बदलतो. वसंतात सगळे नागरिक टेकडीवर जमतात. ज्याच्यासाठी जास्त हात वर होतात, तो वर्षभर बाजाराचा कारभारी. पहिला महिना तो मान ताठ करून चालतो. लोकांपुढे जाब द्यायचा दिवस जवळ आला की तोच कांदेवालीलाही वाकून नमस्कार करतो.

त्या वर्षी लाम्पोन निवडून आला. दोरखंड वळणारा साधा माणूस. पडला तो देक्सिओस, धान्याचा बडा व्यापारी. त्याच्या पोटात किती दुखलं ते विचारू नका.

शपथेआधी सगळ्यांनाच विचारतात तसं लाम्पोनलाही विचारलं, "आईवडिलांना नीट वागवतोस का?"

"वडील नाहीत. आईला विचारा."

त्याची आई मिक्का बाजारात भाजलेले हरभरे विकायची. ती मागून ओरडली, "वागवतो हो! पण जेवायला कधी वेळेवर येईल तर शपथ!"

हशा पिकला आणि लाम्पोन कारभारी झाला.

पहिल्याच सकाळी देक्सिओस माझ्या ओट्याशी हजर. "कारभारी, मापं तपासणार ना? मग घरापासून सुरुवात करा. मिक्कामावशीचा तो आजवर कुणीच न तपासलेला वाकडा पेला आधी आणा."

तो मातीचा पेला मिक्काच्या नवऱ्याने स्वतः थापलेला. तो कोळी होता, कुंभार नव्हे. नियम असा की माझ्याशी न जुळणारं माप सगळ्यांदेखत फोडायचं. कमी भरलं, तर विकणाऱ्याला वर्षभर बाजार बंद. शिवाय चोर म्हणून नाव होणार ते वेगळंच. लाम्पोनचा चेहरा उतरला.

"अरे, ओत की!" मिक्का म्हणाली. "हात काय थरथरतोय?"

त्याने तिचा पेला काठोकाठ भरला आणि माझ्यात ओतला. मी भरलो. तरी हरभरे येतच राहिले! ओट्यावर सांडले, खाली घरंगळले, देक्सिओसच्या चपलांत शिरले. मूठभर जास्त! तीस वर्षं ही बाई गावाला प्रत्येक मापामागे मूठभर फुकट देत होती. मला असा आनंद जन्मात झाला नव्हता.

"जास्त आहे! सोडा की आता!" लोक ओरडले.

"जुळत नाही ते नाही," देक्सिओस पुटपुटला.

"बरोबर बोलतोय तो," लाम्पोन म्हणाला. "कमी असो की जास्त, जुळलं नाही ते फोडायचं." मग तो मिक्काकडे वळला. "आई, बाबांचा पेला आहे गं."

"फोड. तुझ्या बाबांना जाळी विणता यायची, पेला नाही. मी तेव्हाच सांगितलं होतं त्यांना."

त्याने फोडला. मिक्काने एकदाच डोळे पुसले आणि शिक्क्याचा नवा पेला घेऊन बसली. लोकांनी हसत हसत देक्सिओसलाच पहिलं गिऱ्हाईक म्हणून पुढे ढकललं. तिने नवा पेला भरला, वरून काठी फिरवून सपाट केला, त्याच्या शेल्यात ओतला. मग टोपलीत हात घालून वर आणखी एक मूठ टाकली.

"कारभारी! हे मापाबाहेरचं!"

"हा पेला नाही रे बाबा, हात आहे," मिक्का म्हणाली. "मार यावर शिक्का!"

लाम्पोन इतका हसला की त्याला ओट्याचा आधार घ्यावा लागला.

आज माझा काठ झिजलाय. गेल्या आठवड्यात देवळात जपलेल्या मूळ मापाशी मला तपासलं, तर मी केसभर कमी भरलो. नियम तोच, त्यामुळे उद्या मला वितळवणार आहेत. वाईट वाटतं, पण तक्रार नाही. टेकडीवर जाल तेव्हा एवढं करा, लोकहो. ज्याचा हात आईचा पेला फोडताना थरथरेल, पण थांबणार नाही, त्याच्यासाठी हात वर करा.