आ-पांचा आवाज आणि फोरमवरचे विद्वान

फोनने आपलं आपणच अपडेट करून घेतलं आणि त्साय मुंग-लिन मुके झाले.

तसा घसा कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये आधीच गेला होता. पण ऑपरेशनच्या आधी त्यांनी तासन्‌तास बसून स्वतःचा आवाज भरून ठेवला होता. त्यांनी टाइप केलेलं वाक्य एक फुकटचं ओपन सोर्स अ‍ॅप त्याच आवाजात, ठसकेबाज ताइवानी बोलीत म्हणून दाखवायचं. लुकांग गावातल्या निम्म्या मुलींना सासरी निघताना चार ओळींचा आशीर्वाद मुंग-लिननीच दिला होता. आता रविवारी त्यांची स्वतःची लेक पेई-शान निघायची होती, आणि अ‍ॅप काही केल्या उघडत नव्हतं.

पेई-शानने फोरमवर विचारलं, "अ‍ॅप बंद पडलंय. रविवारी माझं लग्न आहे, आ-पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, बोलायचंय. काय करू?"

पहिलं उत्तर आलं, "फुकटच्या ओपन सोर्सवर विसंबलात ना? आता भोगा. कंपनीचं अ‍ॅप घ्यायचं होतं."

दुसरं आलं, "कंपनीचं? उद्या कंपनी बुडाली की बापाचा आवाज लिलावात काढतील! ताई, कोड सगळ्यांना खुला आहे. वाचा आणि दुरुस्त करा."

पेई-शान चष्म्याच्या दुकानात कामाला. कोड वरून वाचतात की खालून, हेही तिला ठाऊक नव्हतं. तरी रीत म्हणून तिने दोघांचेही आभार मानले.

तिथेच ती फसली. त्या फोरमवर कुणीही काही लिहिलं की ती चर्चा पुन्हा सगळ्यांत वर येते. तिच्या प्रत्येक "आभारी आहे"सरशी नवे वीर कंबर कसून उतरायचे. कुणी स्वातंत्र्यावर बोललं, कुणी सुरक्षिततेवर, कुणी सरळ एकमेकांची आई-बहीण काढली. आ-पांचं नाव काढणारं एकही उत्तर तिला दिसलं नाही. देव अशा विद्वानांपासून वाचवो! ज्याचं बोलणं पटत नाही त्याला तिथे हुर्यो देतात, आणि हुर्यो फार झाल्या की ते उत्तर मिटून जातं, मुद्दाम उघडल्याशिवाय दिसत नाही. हुर्यो देण्यात दोन्ही पक्ष सारखेच उदार होते.

वैतागून तिने कंपनीचं अ‍ॅप विकत घेतलं. त्यातून बातम्या देणाऱ्या पोराचा गुळगुळीत मँडरिन आवाज आला. आ-पांनी पाटीवर लिहिलं, "माझ्या तोंडून हा कोण बोलतोय?" आणि त्याखाली, "त्या भांडखोरांचे आभार मानणं बंद कर. चहा देत राहिलीस तर उठतील कसे?"

"आ-पा, सभ्यपणा म्हणून काही असतो की नाही?"

त्यांनी कपाळावर हात मारून घेतला.

रविवारी ती आशीर्वादाविनाच गाडीत बसली. रिवाजाप्रमाणे तिने खिडकीतून पंखा टाकला, आ-पांनी गाडीमागे पाणी ओतलं. निघालेल्या नवरीने मागे वळून बघायचं नसतं. पण आरशात ते तिला दिसलेच. हातात रिकामं भांडं, आणि ओठ हलत होते. चारही ओळी ते म्हणत होते.

तिने डोळे पुसले. शेजारी बसलेल्या नवऱ्याने, ज्युन-हावने, तिचा फोन घेतला. "अजून भांडतायत?" म्हणत त्याने सहज एकेक मिटलेलं उत्तर उघडायला सुरुवात केली आणि मध्येच थांबला. "पेई-शान, हे बघ."

उत्तर पहिल्याच दिवशीचं होतं, खुद्द अ‍ॅप बनवणाऱ्याचं. "चूक माझी. दुरुस्त केलंय, इथून घ्या. वडिलांना नमस्कार." खाली हुर्योंचा ढीग. "विषय सोडून बोलू नका," एका ओपन सोर्सवाल्याने बजावलं होतं. "तुमचं हे एक मात्र पटलं," कंपनीवाल्याने लिहिलं होतं.

"गाडी मागे फिरवूया का?" ज्युन-हाव म्हणाला.

"वेडा आहेस का? नवरीची गाडी मागे फिरवतात कधी?"

तिने ते उत्तर आ-पांना पाठवलं आणि फोन मुठीत धरून बसली. हायवे लागल्यावर तो वाजला. पलीकडून आ-पांचा आवाज आला, पूर्वीचा, खणखणीत.

"सगळ्या जगाचे आभार मानलेस. त्या माणसाचे मानलेस का?"

"नाही हो, आ-पा."

पलीकडे ते टाइप करत असावेत. "मान. पण त्या बाजारात नको, त्याला वेगळं लिही. आणि आता स्पीकर लाव, जावयालाही ऐकू दे."

पहिली ओळ सुरू झाली. पेई-शानने रिवाज धाब्यावर बसवला आणि मागे वळून पाहिलं. मागे नुसता हायवे होता.