उतारावरचा हात

"काका, स्टार्टर मारून बघा ना अजून एकदा!" मागच्या सीटवरून आमचा रोजचा प्रवासी शिंपी ओरडला.

"स्टार्टर असता तर मारला नसता का?" काका मागे न वळताच म्हणाले.

आमची नवी कोरी विजेची बस टेकडीवरून परत येताना ऐन चौकात ढिम्म उभी राहिली होती. समोरच्या पडद्यावर बॅटरीचं चित्र लाल झालं होतं आणि मागे हॉर्नचा नुसता कल्लोळ चालला होता. काका ड्रायव्हर, मी कंडक्टर. प्रवाशांना उतरवून मागून येणाऱ्या बसमध्ये बसवून देताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काकांचं काय झालं असेल ते विचारूच नका. डिझेल वाचवण्यात अख्ख्या डेपोत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. सगळे त्यांना 'थेंबकाका' म्हणायचे आणि काका मिशीतल्या मिशीत हसायचे. आता त्याच थेंबकाकांची गाडी क्रेनला लटकून डेपोत शिरली आणि कॅन्टीनमधले कप हातातच राहिले.

मॅनेजरसाहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांनाही वर उत्तर द्यायचं होतं. "काका, बाकीच्यांच्या गाड्या त्याच टेकडीवरून चार्ज राखून परत येतात. सोमवारी मी स्वतः गाडीत बसणार. नाही जमलं तर फाटकावर ड्युटी. माझा नाइलाज आहे."

फाटकावर म्हणजे खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघत बसायचं. काकांसारख्याला ती शिक्षाच होती. घरी सांगायचं काय, हाही प्रश्न होताच. काकू अजून शेजारणींना "आमचे हे नवीन गाडीवर आहेत" असं हौसेनं सांगत होत्या.

ड्रायव्हरांना शिकवायला कंपनीनं एक तरुण बाई पाठवली होती. तिनं गाडीतली नोंद तपासली आणि विचारलं, "काका, टेकडीच्या उतारावर तुम्ही गाडी न्यूट्रल करता?"

"मग? उतारावर फुकटची पळते, उगाच कशाला जाळायचं?"

खरं तर ते नियमात बसत नव्हतं. पण जुने ड्रायव्हर त्या लांबलचक उतारावर हेच करायचे आणि काकांचा तर त्यात हातखंडा होता.

"इथेच गोची झालीय," ती म्हणाली. "अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय काढला की या गाडीची मोटर चाकांच्या जोरावर बॅटरी भरते. चढावर घातलेलं थोडंफार उतारावर परत मिळतं. न्यूट्रल केलंत की ते भरणंच बंद."

काकांनी ती नोंद स्वतः एकदा वाचून काढली. "म्हणजे चूक माझी."

"तुमची नाही हो, सवयीची."

"सवय पण माझीच की." मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "इतकी वर्षं तो उतार देत होता म्हणायचा. आपल्यापाशी घ्यायला भांडं नव्हतं."

त्यांच्या वयाचे बाकीचे ड्रायव्हर कॅन्टीनमध्ये बसून या गाड्यांना खेळणी म्हणून नावं ठेवत होते. काकांनी एका शब्दानं गाडीला दोष दिला नाही. मला तेव्हाच त्यांचा फार अभिमान वाटला.

पण पटणं वेगळं आणि हाताला पटवणं वेगळं. उतार लागला की काकांचा हात आपोआप न्यूट्रलच्या बटणाकडे जायचा. शेवटी ते मला म्हणाले, "पोरी, माझा हात उठला की घंटी वाजव." मी इमानेइतबारे वाजवली. काकांनी घंटी ऐकून सवयीनं ब्रेक मारला आणि गाडीतली निम्मी माणसं पुढच्याच्या अंगावर गेली. रोज आमच्याच गाडीनं जाणाऱ्या, टेकडीवरच्या दवाखान्यातल्या सिस्टर तर थेट शिंप्याच्या मांडीवर. मग घंटीचा नाद सोडला आणि मी तोंडानंच ओरडायला लागले, "काका, हात!" दुसऱ्या दिवशी सिस्टर ओरडल्या. तिसऱ्या दिवशी शिंपी. आठवडा संपेपर्यंत उतार आला की सगळी गाडी एका सुरात "काका, हात!" करायची, आणि काका चोरी पकडली गेल्यासारखा हात मागे घ्यायचे. एवढ्या वयाच्या माणसाला भर गाडीत कोणी टोकलेलं खपतं का? यांनी ते मागून घेतलं होतं.

सोमवारी साहेब आणि ती शिकवणारी बाई पुढच्याच सीटवर बसले. साहेबांनी उभं राहून बजावलं, "आज कोणीही ड्रायव्हरला काही सांगायचं नाही." शिंप्याचा चेहरा पडला.

चढ पार पडला. दवाखान्यापाशी गाडी वळली आणि उतार सुरू झाला. गाडीत चिटपाखरू नसल्यासारखी शांतता. गाडीलाही आवाज नाही, त्यामुळे काकांचा श्वास मला मागच्या दारापर्यंत ऐकू येत होता. अर्ध्या उतारावर त्यांचा हात उठला. सिस्टरनी तोंडावर हात दाबून धरला. माझ्या जिभेवर आलेलं मी कसंबसं गिळलं. हात बटणापाशी गेला, तिथे जरा थबकला, आणि सावकाश परत येऊन स्टीअरिंगवर बसला. तो पुन्हा उठला नाही.

गाडी जिथे अडली होती तो चौक मागे पडला. डेपोत शिरलो तेव्हा अजून एका फेरीपुरता चार्ज शिल्लक होता. साहेब पडदा बघून म्हणाले, "उद्यापासून हाच रूट, काका," आणि घाईनं उतरून गेले. शिंप्यानं कोणाला कळायच्या आत टाळ्या सुरू केल्या होत्या.

काकांनी नुसती मान हलवली. ते उतरले, दाराच्या दांड्याला धरून क्षणभर उभे राहिले आणि पाणी प्यायला निघून गेले.

पुढच्या पाळीचा ड्रायव्हर फडकं घेऊन चढला. स्टीअरिंगवर दोन्ही तळव्यांचे ओले ठसे उमटले होते.

"काय हे, सगळं ओलं!" तो पुसायला वाकला.

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "थांब जरा. वाळतील आपोआप."