सखल गावचा सूर्य

"दीदी, बाबा नहीं मानेगा," रुस्तम म्हणाला. "बोलता है, सूरज अभी टखने में है."

मी हात टेकले. रुस्तम कुवेतमध्ये, शर्क भागातल्या एका हॉटेलात आचारी; तिथल्या भटारखान्यात शिकलेल्या हिंदीत तो बापाचं बोलणं मला सांगायचा. बाप नझरबेग, पामीरच्या डोंगरातला ताजिक शेतकरी. जाब्रियाच्या आमच्या क्लिनिकमध्ये त्याचा गुडघा बदललेला, आणि फिजिओथेरपिस्ट म्हणून तो वाकवायचं काम माझ्याकडे. आता वाकला नाही तर कायमचा ताठ राहणार. मग कसला नांगर आणि कसला डोंगर!

पण म्हाताऱ्याचा हिशेब वेगळाच. त्यांच्याकडे वसंतात सूर्य माणसाच्या पायाच्या नखातून शिरतो आणि घोटा, नडगी, गुडघा असा वर चढतो. तो गुडघ्यात आला की नांगर बाहेर काढायचा. त्याआधी जमीन उघडत नाही, तर गुडघा कसा उघडेल?

मला हसू येईना. रत्नागिरीकडे आमचे दादा, म्हणजे माझे वडील, मृगाचं वाहन बेडूक की कोल्हा हे पाहिल्याशिवाय भाताचा दाणा टाकत नसत. अशा माणसाशी वाद घालून काही होत नाही. त्याच्याच हिशेबात शिरावं लागतं.

"रुस्तम, विचार त्यांना, खालच्या गावात नांगर आधी निघतो ना?"

"निघणारच," रुस्तमकरवी म्हाताऱ्याचं उत्तर आलं. "तिथं बर्फ आधी वितळतं. त्यांचा सूर्य आमच्या पुढे असतो."

"मग बाबा, कुवेत तर समुद्रकाठी. याहून खालचं गाव कुठलं?"

खिडकीतल्या उन्हाकडे बघत नझरबेगने बोटांवर काहीतरी मोजलं आणि खो खो हसत पाय पुढे केला. वाकवताना कळवळला, रुस्तमला शिव्याही हासडल्या, पण पाय मागे घेतला नाही.

शेवटच्या दिवशी त्याने विचारलं, "तुझ्या बापाच्या शेतात आता काय चाललंय?"

दादा गेल्यापासून हे मला कुणी विचारलंच नव्हतं. "भाताच्या रोपांची जागा, तरवा, भाजायचे दिवस आहेत," मी म्हटलं. "पण दादा नाहीत. जमीन पडून आहे."

मी "अहो, सांभाळून" म्हणेपर्यंत म्हातारा खाटेवरून उतरला, गुडघे दुमडून व्यायामासाठी अंथरलेल्या सतरंजीवर बसला आणि तळवे उघडून पुटपुटू लागला.

"आपकी जमीन के लिए दुआ मांग रहा है," रुस्तम म्हणाला.

मला भरून आलं. कुणाबद्दल इतकी कृतज्ञता कधी वाटली नव्हती. मीही चपला काढल्या आणि त्याच्या शेजारी बसले.