देवदादाच्या नावानं

भिकीच्या लेकीचं, सुषमाचं लग्न झालं त्याच वर्षीचा मार्गशीर्ष. रविवारची सकाळ होती. हेंद्रेपाड्यात कर्णिकांच्या स्वयंपाकघरात त्यांची जुनी कामवाली भिकी विळीवर नारळ खवत होती आणि सुनंदाबाई तिच्या डोक्यावर उभ्या होत्या.

"करवंटी एवढी खरवडू नकोस गं. काळं उतरतं."

"काला नाय उतरत, बाई. तुमचा चष्माच काला हाय."

सुनंदाबाई हसल्या. त्यांचा मुलगा देवदत्त समुद्रकाठी शर्यत पळायला गेला होता. तो संध्याकाळी परतणार, म्हणून नारळाच्या वड्या करायच्या होत्या.

देवदत्त अंबरनाथच्या एका कारखान्यात ऑफिसर. तिथल्या मोठ्या साहेबांना पळण्याचं वेड, म्हणून त्यालाही लागलं. त्याला परदेशातल्या एका शर्यतीत जायचं होतं. पण त्याआधी इथली एखादी अवघड शर्यत ठरलेल्या वेळेत पुरी करून दाखवावी लागणार होती. ही शर्यत कोकणात, किनाऱ्यावरच्या राखीव जंगलात होती. सुरूच्या बनातून आणि वाळूच्या टेकड्यांमधून जाणाऱ्या पायवाटा होत्या. नेमका देवदत्तचा गुडघा धरला.

भिकीचा साईनाथ त्याच कारखान्यात ठेक्यावर माल उचलायचा. बारवीच्या रानात गुरांमागं पळून वाढलेला पोरगा. देवदत्तनं त्याला सांगितलं, माझा नंबर छातीला लाव आणि पळ. तुला कायम करून घेतो. कर्णिकांच्या घरात ह्यातलं काही कुणाला ठाऊक नव्हतं. भिकीला ठाऊक होतं, पण तिच्या समजुतीप्रमाणं.

साईनाथ आधी एकदा तिथं जाऊन वाट पाहून आला होता. वाडीवर परतल्यावर तो पाय चोळत बसला.

"वालू पाय गिलते, आये. एक पाऊल टाकलं का अर्धं मागं येतं. डोंगर परवडला."

"मग तू कशाला पलतोस?"

"देवदादाच्या नावानं पलायचं. त्याचा गुडघा दुखतो ना. पन कोनाला बोलू नको."

भिकीला वाटलं, नवस आहे. वाडीत तसंच चालतं. आजारी माणसाच्या नावानं धडधाकट माणूस मुळगावच्या खंडोबाच्या पायऱ्या अनवाणी चढतो. तिचा नवरा गोमा अंथरुणाला खिळला होता तेव्हा त्याच्या नावानं तीही चढली होती. आणि असा नवस कुणापाशी बोलायचा नसतो.

"चांगलं काम हाय. पुन्य लागंल," ती म्हणाली.

"पुन्य राहू दे. परमनंट झालो का बस," साईनाथ हसून म्हणाला.

नारळ निम्मा खवून झाला होता तेव्हा फोन वाजला.

"हो, मी देवदत्तची आई," सुनंदाबाई म्हणाल्या. ऐकता ऐकता फोन त्यांच्या हातातून खाली पडला. हेमचंद्र, त्यांचे यजमान, गॅलरीतून आत आले. त्यांनी फोन उचलला, ऐकला, पुन्हा पुन्हा तोच प्रश्न विचारला. मग सुनंदाबाईंकडं वळून म्हणाले,

"वाळूत पडला म्हणतात. दवाखान्यात पोचायच्या आधीच... छातीवरच्या नंबरमागं आपला फोन लिहिलेला होता."

भिकीनं खोबऱ्याचे हात लुगड्याला पुसले आणि सुनंदाबाईंना कवेत घेतलं. त्या घरात तिनं आजवर बाईंना कधी शिवलं नव्हतं. आज बाईंचं डोकं तिच्या खांद्यावर होतं आणि ती पाठीवरून हात फिरवत होती. "रडा बाई, मोकल्या व्हा," असं म्हणता म्हणता तिचंच रडू आवरेना. देवदत्तला तिनं कडेवर खेळवलं होतं.

फोन पुन्हा वाजला. पडद्यावर देवदत्तचं नाव होतं. सुनंदाबाई हात लावायला धजेनात.

"उचला बाई," भिकी म्हणाली.

"आई, मी बोलतोय. मला काही झालेलं नाही. चूक झाली आहे."

मग काय विचारता! सुनंदाबाई फोनचेच मुके घ्यायला लागल्या. हेमचंद्र देवापुढं जाऊन उभे राहिले. भिकी टाळी वाजवून म्हणाली, "आता देवदादाला मरान नाय! जित्या मानसाची खोटी बातमी उठली का त्याचं आयुष्य वाढतं. शंभरी गाठतोय बघा तुमचा पोरगा!" तिनं मीठमोहऱ्या घेतल्या आणि फोनवरूनच ओवाळल्या. सुनंदाबाई रडत रडत हसल्या.

भिकी फोनपाशी तोंड नेऊन म्हणाली, "देवदादा, आमचा साईनाथ कुठं हाय? त्याला सांग, बाईंनी वड्या करायला घेतल्यात."

तिकडून नुसता वारा ऐकू आला.

"मावशी... बाबांना द्या."

हेमचंद्र फोन घेऊन गॅलरीत गेले आणि त्यांनी दार ओढून घेतलं. भिकीनं कढई ठेवली, साखर घातली. वड्यांचा वास घरभर सुटला. शेजारच्या बाई विचारायला आल्या, तर त्यांनाही तिनंच सगळं हात हलवून सांगितलं. हेमचंद्र आत आले तेव्हा ती कढईत उलथनं फिरवत होती.

"भिकी, गॅस बंद कर."

"लागंल साहेब, आटत आलंय."

"बंद कर. साईनाथ गेला."

भिकी उलथनं फिरवतच राहिली. मग म्हणाली, "ही पन खोटीच असंल. सकाळपासून खोट्याच येतात."

गाडीतही ती तेच धरून बसली होती. पनवेल गेलं, घाट गेला. एक खोटी निघाली, मग दुसरीही निघेल. निघाली तर साईनाथचंही आयुष्य वाढेल. मागच्या सीटवर ती तोंडातल्या तोंडात बोलत होती. घर सोडताना सुनंदाबाई दारापर्यंत आल्या होत्या, पण त्यांना तिच्याकडं बघवलं नव्हतं. आपला वाचला ह्याचा आनंद चेहऱ्यावरून पुसता येत नव्हता, तो तरी त्यांनी कुठं लपवायचा?

किनारा जवळ आला तसे हेमचंद्र समोर बघतच म्हणाले, "तिथं पोलीस विचारतील. तू एवढंच सांग, की पोराला हौस होती, नंबर त्यानंच मागून घेतला. देवदत्तची नोकरी जाईल गं. केस होईल. सुषमाच्या नवऱ्याला मी देवदत्तला सांगून कंपनीत लावतो, कायम. माझा शब्द."

तेव्हा कुठं भिकीला 'देवदादाच्या नावानं' म्हणजे काय ते कळलं. नवस नव्हता.

शर्यतीच्या जागी देवदत्त गाडीची वाट बघत होता. कमानीखाली माणसं गळ्यात पदकं घालून फोटो काढत होती. मागं वाळूचे डोंगर उभे होते आणि त्यांच्यावर लाल झेंड्यांची ओळ. भिकीनं समुद्र पहिल्यांदा पाहिला, पण तिची नजर तिकडं ठरली नाही.

"कुठं पडला?"

देवदत्तनं नुसता टेकडीकडं हात केला. शेवटी जंगलखात्याचा रखवालदार हरिचंद्र तिला वर घेऊन गेला. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर जांभळ्या फुलांची वेल पसरली होती आणि एका ठिकाणी ती चुरगळलेली होती.

"मर्यादवेल म्हणतात हिला, बाय," हरिचंद्र म्हणाला. "दर्यानं हिच्या पुढं यायचं नाय, असं आहे. तुझा पोर लय पुढं होता सगळ्यांच्या. भोंग्यावर सारखं चाललं होतं, देवदत्त पुढे, देवदत्त पुढे. आम्हांला वाटलं, हाच देवदत्त."

"पडल्यावर पलनं थांबवलं का?"

"नाय. बाकीचे पळाले."

वाळूवर शेकड्यांनी पावलं उमटली होती. त्यातलं साईनाथचं कुठलं, ते तिला ओळखता येईना.

दवाखान्यात साईनाथच्या पायाच्या अंगठ्याला चिठ्ठी बांधली होती. पोलीस कागद घेऊन बसला होता. हेमचंद्र आणि देवदत्त भिंतीशी उभे होते.

"तुमचा कोण हा?"

"माजा पोर. साईनाथ. साईनाथ गोमा मेंगाल."

"मग नंबर देवदत्त कर्णिकांचा कसा?"

हेमचंद्र खाकरले. भिकीनं त्यांच्याकडं पाहिलं, मग देवदत्तकडं. त्याची मान खाली होती.

"ह्यांच्या नावानं पलत होता. ह्यांनीच पलायला लावला. परमनंट करतो बोलले."

"मावशी," देवदत्त पुटपुटला.

"मावशी नको बोलू आता," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. पोलिसाला म्हणाली, "पायाला काय लिवलंय?"

"देवदत्त हेमचंद्र कर्णिक."

"ते काढा."

पोलिसानं नवी चिठ्ठी लिहिली. भिकीला अक्षरं येत नव्हती. तिनं ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि परत दिली.

"वाचा."

त्यानं वाचलं.

"आजून एकदा."

त्यानं पुन्हा वाचलं, या वेळी सावकाश. मग तिनं स्वतःच्या हातानं ती चिठ्ठी पोराच्या अंगठ्याला बांधली. गाठ दोनदा मारली.

साईनाथ गोमा मेंगाळ, राहणार बारवीकडची ठाकरवाडी, सन दोन हजार चोवीसच्या डिसेंबरात पंधरा तारखेला, रविवारी सकाळी, समुद्रकाठच्या वाळूत पळताना वारला.